फरशी, तिहाई आणि मानधन : कथक नर्तकांची प्रश्नोत्तरे

इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. टाइल्सवर रोज दोन तास तत्कार (तालावर पाय आपटण्याचा रियाज) करते. हल्ली नडगी दुखते. योगा मॅट घालून नाचलं तर चालेल का?

नाही, योगा मॅट नको. मऊ पृष्ठभागावर तळवा रुततो, आवाज मरतो आणि चक्कर घेताना पाऊल अडकून गुडघा पिळवटतो. पण टाइलही नको. टाइलखाली थेट काँक्रीट असतं, ते अजिबात दबत नाही. प्रत्येक थापेचा धक्का टाच, नडगी आणि गुडघ्याने सोसायचा.

उपाय म्हणजे वर कडक, खाली लवचिक. जिममध्ये वापरतात तसे १० ते १२ मिमी जाडीचे घट्ट ईव्हीए फोमचे तुकडे जमिनीवर जोडून अंथरा. त्यावर १२ मिमी प्लायवूडचे दोन थर द्या. ८×४ फुटांची दोन पानं शेजारी ठेवली की ८ फूट चौरस जागा मिळते. वरच्या थराची पानं काटकोनात फिरवून टाका, म्हणजे खालच्या आणि वरच्या थराचे सांधे एकाच रेषेत येत नाहीत. सांधे जुळले तर तिथेच फळी हलते, आणि पाऊल मुरगळतं तेही तिथेच. दोन थर मिळून २४ मिमी होतात, म्हणून स्क्रू २० मिमीचे घ्या आणि त्यांची डोकी लाकडात बुडवा. भिंतीपासून बोटभर अंतर सोडा, पावसाळ्यात प्लाय फुगतं. चकचकीत पॉलिश करू नका, घामाने घसरगुंडी होते. खालच्या मजल्यावरचा आवाज यानं कमी होतो, बंद होत नाही. त्यामुळे रात्री पढंत (तालाचे बोल तोंडाने म्हणणं) करा आणि तत्कार सकाळी ठेवा.

आता दुखण्याबद्दल. नडगीभर पसरलेली ठणक रियाज निम्म्यावर आणला की बहुधा आठ-पंधरा दिवसांत उतरते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, नाचताना वाढत असेल आणि रात्री झोपेतही जाणवत असेल, तर पाय आपटणं त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेला असेल तर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये तो दिसेलच असं नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून परत नाचायला लागणं हीच नेहमीची चूक. सोबत पाळी तीन महिने चुकली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कमी खाणं आणि ठिसूळ हाडं यांचा संबंध जवळचा आहे.

त्रितालात (१६ मात्रांचा ताल) तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपवणं, घरी बरोबर येते, तबल्याबरोबर मात्र सोळाव्या मात्रेवरच संपते. काय चुकतं?

मोजणी आणि घाई, दोन्ही तपासा. समेपासून समेपर्यंतची तिहाई १६ नव्हे, १७ मात्रांची असते. शेवटची सम धरायची असते. पाच मात्रांचा बोल घेतलात तर ५ + १ + ५ + १ + ५ = १७. मधला दम (थांबा) एकेक मात्रेचा. एक दम जरी खाल्ला तरी तुम्ही सोळावर पोहोचलात.

तुमची चूक कुठे होते ते शोधायला छोटी तिहाई घ्या. नवव्या मात्रेवर, म्हणजे 'खाली'वर (जिथे टाळी नसते), उठा आणि 'तिग्धा, दिगदिग, थेई' हा तीन मात्रांचा बोल दम न घेता तीनदा म्हणा. पहिला थेई ११ वर, दुसरा १४ वर, तिसरा समेवर. पाय न हलवता, हाताने ताल धरून म्हणा आणि ११ व १४ या दोन जागा तपासा. बहुतेकांचा पहिला थेई जागेवर असतो, दुसरा पाव मात्रा लवकर येतो आणि तिसरा पुरता सुटतो. कारण थेईवर पाय पडला की पुढचा बोल लगेच उचलावासा वाटतो. पढंत पक्की झाली की पाय, मग हात, सर्वांत शेवटी चक्कर. चक्करीत उलटं होतं, तिथे थेई उशिरा पडतो.

घरी बरोबर येते याचं कारण तिथे लय तुमच्या मर्जीची असते. ॲपवर लेहरा (ताल दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावून मिनिटाला ८० मात्रांपासून सुरू करा, पाच-पाचने वाढवा. आणि मंचावर चुकलीच तर जादा पाऊल घालून समेचा अभिनय करू नका, जाणकाराला ते लगेच दिसतं. सरळ तत्कारावर या आणि पुढची सम धरा.

कार्यक्रमात घुंगराची दोरी तुटली. आता काय काळजी घ्यावी?

दोरी सुती हवी, आणि प्रत्येक घुंगरानंतर गाठ हवी. गाठी असल्या तर एक-दोनच घुंगरू सुटतात. नसल्या तर शंभरच्या शंभर मंचभर, आणि त्यावर पाय पडला तर घोटा गेलाच. दोरी कुजते ती घामाने. नाचून झाल्यावर पुसा, हवेशीर वाळवा, मगच कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ठेवलं की पितळ हिरवं पडतं. चिंचेने घासायचे असतील तर दोरी काढून घासा.

आयोजक 'एकूण मानधन' एकच आकडा सांगतात. साथीदारांचं काय?

तबला, संवादिनी, गायन आणि पढंतीला माणूस, असे चार साथीदार त्याच आकड्यात बसवायचे असतात. शिवाय त्यांच्याबरोबरची एक-दोन तालीम. म्हणून होकार देण्याआधी साथीदारांचे आकडे विचारा आणि स्वतःचा वाटा शेवटी किती उरतो ते बघा. प्रवास, मुक्काम आणि ध्वनिव्यवस्था कोणाकडे, आगाऊ रक्कम किती आणि उरलेली कधी, हे ईमेलवर घ्या. कार्यक्रम रद्द झाला तर साथीदारांना काय मिळणार, हेही त्यातच. त्याच पत्रात लिहा : मंचावर गालिचा नको, वर आलेले खिळे ठोकून बसवावेत, फळ्यांमधल्या फटी बुजवाव्यात, मायक्रोफोनच्या वायरी कडेने न्याव्यात.

टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच कापला जाणारा आयकर, कापला असेल (साधारण १० टक्के) तर तो तुमच्या पॅनवर दिसतो का, हे आयकर खात्याच्या फॉर्म २६एएस या तक्त्यात पाहा. साथीदारांचे पैसेही तुमच्याच नावाने आले तर कर तुमच्या एकट्याच्या खात्यातून कापला जातो; शक्य तिथे आयोजकांना वेगवेगळे धनादेश द्यायला सांगा. शास्त्रीय किंवा लोकनृत्याच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. आयोजकांचे हिशेबनीस तरीही जीएसटी क्रमांक मागतात, तेव्हा हे सांगावं लागतं.

कार्यक्रमाच्या दिवशी उपास असेल तर?

साबुदाण्याची खिचडी चालेल, पण तीन तास आधी आणि तूप बेताचं. दाणे जास्त असले की जड होतं. निर्जळी असेल तर त्या दिवशी चक्करींची संख्या कमी करा, किंवा निर्जळी सोडा.