गिरणगावात रेकॉर्डर घेऊन निघण्याआधी

अरे, मुंबईतल्या जुन्या कापड गिरणी कामगारांच्या आठवणी टिपताना पहिल्याच भेटीत १९८२ च्या संपात शिरू नकोस. १८ जानेवारी, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे सगळं छापून आलंय. आजोबाही तेच पाठ केल्यासारखं सांगतात. त्यापेक्षा विचार, पहाटेचा भोंगा झाला की घरात आधी कोण उठायचं? दिवसपाळी नि रात्रपाळीवाले एकाच खोलीत झोपायचे कसे? मग बघ गाडी कशी सुटते ती.

लालबागच्या एका आजींनी मला तुटलेला धागा जोडायची गाठ हवेतच मारून दाखवली होती. मी शहाणा फक्त आवाज टिपत बसलो. गाठ गेली ती गेलीच. आता हातांचा व्हिडिओ आधी.

जुने फोटो, हजेरीकार्डं घरी आणायची नाहीत. तिथेच खिडकीपाशी, फ्लॅश न लावता टिपून घे. फोटोची मागची बाजूसुद्धा. नावं, तारखा तिथेच असतात.

आणि हो, बरेच जण गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीची फाइल काढून पुढ्यात ठेवतील. नीट बघ, पण 'बघतो काहीतरी' असं चुकूनही म्हणू नकोस. गणपतीत चाळीच्या चौकात हे टिपलेलं दाखवायला पडदा लावू, तेव्हा पहिल्या रांगेत तेच बसणार आहेत.