आधी आपल्या बाभळीची साल

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आंबोलीला जाऊन झाडांच्या सालीवरचे स्लाइम मोल्ड, म्हणजे बुरशीसारखे दिसणारे पण बुरशी नसलेले इवलाले जीव, शोधायचं ठरवलंयस. विषय झकास. पण पाऊस जास्त म्हणजे सालीवर गर्दी, असं धरून चालू नकोस. उष्ण प्रदेशातल्या ओल्या जंगलांत हे जीव पाचोळ्यावर आणि वाळक्या फुलोऱ्यांवर जास्त सापडतात. सालीवरची जागा शेवाळ अडवतं, बीजाणू पावसात धुऊन जातात. त्यांतली आर्सिरिया सिनेरिया ही जात मात्र बहुतेक भेटेलच.

म्हणून आधी सोलापुरातच हात बसव. कडुलिंब, चिंच, बाभूळ घे. कोरडी साल बघून नाक मुरडू नकोस. बीजाणू तिच्या भेगांत वर्षानुवर्षं तग धरतात. गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी 1933 मध्ये जिवंत झाडांची साल ओल्या डिशमध्ये ठेवून हे जीव वाढवले. आपण अजून तेच करतो. सुरीने वरची मेलेली साल तेवढी काढ, हिरव्यापर्यंत जाऊ नकोस. कागदी पाकिटात ठेव. प्लॅस्टिकमध्ये बुरशी माजते आणि सगळं मुसळ केरात. पेट्रीडिशमध्ये टिपकागदावर साल मांड, डिस्टिल्ड पाण्यात एक दिवस भिजव, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते) मोज आणि जास्तीचं पाणी ओतून टाक. बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातल्या क्षारांनी पीएच बिघडतो. आणि कुठल्या झाडावर कोण राहतं हे बरंचसं पीएचवरच ठरतं, त्यामुळे हा आकडा नसला तर तुझ्या यादीला मी फारशी किंमत देणार नाही.

साल उन्हाळ्यात गोळा कर, डिश मात्र पावसाळ्यात लाव. एप्रिलमधली आपली खोली या कामाची नाही. एकिनोस्टेलियम नावाचं स्लाइम मोल्ड काही दिवसांतच येतं, पण मिलिमीटरभरही नसतं. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली भेग न् भेग बघ. काही जाती महिना-दोन महिने लावतात, तोवर डिश फेकायची नाही. ज्यात काहीच आलं नाही तीही वहीत लिही. मुलं नेमक्या त्याच गाळतात आणि मग झाडांची तुलनाच करता येत नाही.

फोटोवरून नाव ठरवू नकोस. स्लाइम मोल्डची फळं, म्हणजे बीजाणू धरणारे भाग, पिकू दे, वाळव, काडेपेटीच्या तळाला चिकटव. जगभरचे संग्रह असेच काडेपेट्यांत असतात. चिठ्ठीवर झाड, ठिकाण, तारीख, पीएच.

नान्नज अभयारण्यातली साल हवी असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढ. आंबोलीलाही तसंच. अर्ज आत्ताच टाक, कागद हलायला वेळ लागतो.

तुझा,
सर