राजधानीतली ‘धानी’ आणि पीकदाणीतली ‘दाणी’

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सोसायटीतल्या पोरांसाठी कोड्यांचा खेळ ठेवला होता. बाईंनी आशियातला देश सांगायचा, पोरांनी राजधानी सांगायची. मग झेंड्याचं चित्र दाखवायचं आणि देश ओळखायला लावायचा. नेपाळ आल्याबरोबर सगळे एका सुरात ‘काठमांडू’ ओरडले. सहावीतला एकजण मात्र हात वर करून म्हणाला, “बाई, नेपाळचा राजा तर गेला की. मग राजधानी कसली? प्रजाधानी म्हणा.” हशा झाला, खेळ पुढे सरकला, पण घरी आल्यावर बाईंनाच चैन पडेना. ‘धानी’ म्हणजे नेमकं काय? राजाची धान्याची कोठारं जिथं असायची ते गाव, असा काही अर्थ असेल का? आणि राजा नसलेल्या देशाला हा शब्द लावणं चूक आहे का? शिवाय शेवटी एक पुरवणी: ‘ध्वज ओळखा’ म्हणावं की ‘झेंडा ओळखा’?

पोराच्या ‘प्रजाधानी’ला व्याकरणात पूर्ण गुण, हे आधी सांगून टाकतो. शब्द चालेल की नाही ते पुढे बघू.

संस्कृतात ‘धा’ म्हणजे ठेवणं. ज्यात किंवा जिथं काही ठेवलं जातं ती ‘धानी’. पाणिनीच्या ‘करणाधिकरणयोश्च’ या सूत्रावर काशिकावृत्ती या जुन्या टीकाग्रंथात उदाहरण दिलंय ते ‘सक्तुधानी’चं, म्हणजे सातूचं पीठ ठेवायचं भांडं. मासे ठेवायच्या टोपलीला ‘मत्स्यधानी’ म्हणत. आपली भारदस्त राजधानी याच फळीवरची. डब्यात सातू, टोपलीत मासे, तसा राजधानीत राजा. तख्त, दरबार, वैभव हे सगळं आपण मागाहून त्या शब्दात भरलं. मूळ शब्द स्वयंपाकघरातल्या मांडणीवर शोभेल असाच आहे.

खरी गंमत याच्या पुढे आहे. फारसीत ‘-दान’ नावाचा एक प्रत्यय आहे आणि त्याचाही अर्थ ठेवायचं पात्र असाच. कलमदान, शमादान, पानदान हे शब्द आपल्याकडे त्याच वाटेनं आले आणि मराठीत त्याची ‘दाणी’ झाली: फुलदाणी, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पीकदाणी. (मच्छरदाणीत मच्छर बाहेर आणि माणूस आत, हा आपला घरचा विनोद.) ही ‘दाणी’ आणि ती ‘धानी’ यांचा नुसता आवाज जुळत नाही, त्या सख्ख्या चुलत बहिणी आहेत. संस्कृतात जिथं ध, भ असे महाप्राण उच्चार येतात तिथं इराणी भाषांमध्ये साधे द, ब येतात. संस्कृत ‘बंध’, फारसी ‘बंद’, ज्याच्यावरून आपला कमरबंद. संस्कृत ‘भ्राता’, फारसी ‘बिरादर’. तसंच ‘धान’ आणि ‘दान’. तेव्हा राजधानी म्हणजे राजदाणी, असं मी म्हटलं तर कुणी रागावू नये. दानधर्मातलं दान मात्र यात ओढायचं नाही. ते ‘दा’ म्हणजे देणं या धातूचं.

बाईंच्या खेळात आशियातले सात ‘स्तान’ आलेच असणार: पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातले पाच. तिथंही हेच नातं. फारसी ‘स्तान’ आणि आपलं ‘स्थान’ एकाच मुळाचे, पलीकडे फक्त ‘थ’चा ‘त’ झालाय.

आता धान्याचा अंदाज. तो चुकला, पण वाया गेला नाही. धान्य हा शब्द ‘धाना’ म्हणजे दाणे यावरून आलाय, त्यामुळे राजधानीशी त्याचा अर्थाचा संबंध लागत नाही. पण या ‘धाना’चंही फारसी भावंड आहे, ‘दाना’. आपला दाणा त्याच घरातला. म्हणजे आपल्या शेंगाचटणीतल्या शेंगदाण्याचा ‘दाणा’ वेगळा आणि पीकदाणीतली ‘दाणी’ वेगळी, पण दोघींकडे ‘ध’चा ‘द’ होण्याची तऱ्हा एकच. बाईंचा पाय घसरला तो अगदी नेमक्या जागी घसरला.

राहिला राजाचा प्रश्न. नेपाळमध्ये 2008 साली राजेशाही संपली हे पोराचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या नियमानं चाललं तर आशियाचा नकाशा दोन रंगांत रंगवावा लागेल. थिंफू, बँकॉक, नॉमपेन्ह, अम्मान, रियाध या अस्सल राजधान्या, कारण तिथं अजून राजे आहेत. टोकियोत तर सम्राटच आहे. जिथं राजा, सुलतान किंवा अमीर नाही त्या सगळ्या प्रजाधान्या. मलेशियापाशी मात्र गाडी अडेल. तिथं नऊ घराण्यांचे सुलतान-राजे आळीपाळीनं पाच-पाच वर्षं देशाचे राजे होतात, राजवाडा क्वालालंपूरला आणि सरकारी कचेऱ्या पुत्रजयात. कोडं घालणाऱ्यानं तिथं उत्तर काय धरायचं?

भाषा असा हिशेब ठेवत नाहीत. फारसीत राजधानीला म्हणतात ‘पायतख्त’, म्हणजे तख्ताचा पायथा. इराणमधलं तख्त 1979 साली गेलं, तरी तेहरान आजही पायतख्तच आहे. कोरियात राजा उरलेला नाही, पण दक्षिण कोरियाच्या राजधानीचं नाव सोल, आणि या शब्दाचा कोरियन भाषेतला अर्थच मुळी ‘राजधानी’. (पोरं बुटाच्या सोलवर हसतील. हसू द्यावं; नाव त्यामुळेच लक्षात राहतं.) कझाकस्ताननं 1997 साली अलमाटीहून राजधानी हलवली आणि पुढच्या वर्षी नव्या शहराचं नाव ठेवलं अस्ताना. कझाक भाषेत त्याचाही अर्थ राजधानीच. 2019 साली ते बदलून नूरसुलतान केलं आणि 2022 साली पुन्हा अस्ताना. बाईंकडचं कोड्यांचं पुस्तक त्या मधल्या तीन वर्षांत छापलेलं असेल तर उत्तर एकदा तपासून घ्यावं.

सगळ्यात पुढचं टोक म्यानमारचं. तिथला राजा इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केला. त्यानंतर तिथं कुणी राजा झाला नाही. तरी 2005 साली लष्करी राजवटीनं यांगूनहून नव्या गावी कारभार हलवायला घेतला आणि 2006 साली नाव दिलं नेपिडॉ, म्हणजे राजाचं ठाणं! राजा जाऊन सव्वाशे वर्षं होत आली होती आणि राजधानी मात्र नवीकोरी.

आपल्या सोलापुरात तर याचा पडताळा दारातच मिळतो. मराठीत राजधानी, कन्नडमध्ये राजधानी, पूर्वभागातल्या तेलुगूतही राजधानीच. उर्दूत मात्र ‘दारुल-हुकूमत’, म्हणजे हुकमतीचं घर. चारांपैकी त्या एकाच भाषेला राजा लागत नाही. सहावीतल्या त्या पठ्ठ्याला हे सांगा, खूश होईल. पण बोलताना आपण राजदूत म्हणतो, राजपत्र म्हणतो, राजकारण तर दिवसभर करतो, आणि राजा कुठं दिसतो? नागपूरला उपराजधानी म्हणताना उपराजा कोण, असं कुणी विचारल्याचं ऐकलं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: काठमांडू ही राजधानीच, बेधडक म्हणावं. ‘प्रजाधानी’ रुजायची नाही, कारण जिची अडचण कुणालाच होत नाही ती वस्तू घरातून कुणी काढत नाही. (राजीनाम्याला मात्र या यादीत घेऊ नये. तिथला ‘राजी’ खुशीचा आहे, राजाचा नाही.)

झेंड्याचं थोडक्यात. पोरांच्या खेळाला ‘झेंडा ओळखा’ पुरे. ‘ध्वज’ राष्ट्रध्वज, ध्वजारोहण, ध्वजसंहिता अशा ठिकाणी शोभतो. सोलापुरात तर ‘ध्वज’ म्हटलं की कापड डोळ्यापुढे येईलच असं नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेतले सात नंदीध्वज म्हणजे उंचच उंच सजवलेल्या काठ्या, आणि लोक त्यांना काठ्याच म्हणतात. नेपाळचा झेंडा दाखवताना मात्र मी ‘पताका’ म्हणेन. एकावर एक दोन त्रिकोण असलेला तो जगातला एकमेव चौकोनी नसलेला राष्ट्रध्वज आहे, आणि त्याला बघून दिंडीच आठवते.

पुढच्या सुट्टीत त्या पोराला घालायला बाईंना एक कोडं देतो. ‘राजा ठेवतात ती धानी’ हा मुळातला अर्थ अक्षरशः धरायचा. मग 1886 ते 1916 ही तीस वर्षं ब्रह्मदेशाची राजधानी कोणती? मंडाले म्हणेल, रंगून म्हणेल. उत्तर रत्नागिरी. पदच्युत केलेल्या थिबा राजाला इंग्रजांनी तिथंच आणून ठेवला होता, 1916 साली तो तिथंच वारला, आणि त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अजून उभा आहे.