ऑफिस नाही, मग कसली मॅनेजर?

ताई, पत्र दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षांची मुलगी सांगलीच्या घरातून लंडन, न्यूयॉर्क आणि पुण्यातल्या सात जणांची टीम सांभाळते, रात्री एकपर्यंत कॉलवर असते आणि सकाळी सातला तुम्ही तिला हाक मारून उठवता. बाबा म्हणतात, "ऑफिस नाही, खुर्ची नाही, कसली मॅनेजर?" आणि तुम्ही विचारताय, बँकेची परीक्षा की एमबीए?

अख्ख्या पत्रात तिला काय हवंय याची एक ओळ नाही. स्थळं परत जातात, हे मात्र तीनदा आलंय. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो, हेही तुम्हीच लिहिलंय. हप्ता चालतो, नोकरी चालत नाही? मग अडचण करिअरची नाही, पाहुण्यांना काय सांगायचं याची आहे. त्यावर माझ्याकडे कुठली परीक्षा नाही.

आयबीपीएसच्या पीओसाठी, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या परीक्षेसाठी, वयाची अट ३० पर्यंत आहे, एमबीएला सीईटी-कॅट या प्रवेश परीक्षा आहेत. पुढे बघू.

खरा गैरसमज वेगळाच, आणि तो तुमच्या लेकीचाही दिसतो: जगभरची टीम म्हणजे जगभर जागायचं. तिकडच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे दोन आणि सांगलीत संध्याकाळचे साडेसहा. साडेसहा ते साडेनऊ सगळे कामावर असतात. बैठका त्यातच बसवायच्या. एखाद्या दिवशी न्यूयॉर्कवाल्यांनी सातला यावं, आपल्याकडे साडेचार, चहाची वेळ. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर मागे घेते, लंडन त्याच्या आठवडाभर आधी. आपलं घड्याळ हलत नाही, म्हणून गोंधळ आपल्याच बैठकीचा होतो.) बाकी सगळं लिहून ठेवायचं: काय ठरलं, कुठे अडलं, पुढे कोण नेणार. म्हणजे न्यूयॉर्कचा माणूस त्याच्या दुपारी ते वाचतो आणि कामाला लागतो, हिला रात्री उठवत नाही. गिटलॅब ही कंपनी तर ऑफिसशिवायच चालते, कामाच्या पद्धतीचं हँडबुकही तिने सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. लेकीला ते वाचू दे. रोज रात्री एकला कॉल घेणारी टीमलीड मेहनती असेल, पण तिने लिहिण्याची शिस्त लावलेली नाही. हे मी तिला तोंडावर सांगेन.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि तोवर सकाळी सातची हाक तेवढी बंद करा.