क्रोशाची वाचनखूण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

क्रोशाने वाचनखुणा विणणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे साठली होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : घरात उरलेल्या लोकरीचा मी एक बुकमार्क विणला. दिसायला तो सुरेख झाला आहे, पण पुस्तकात ठेवला की पुस्तक नीट मिटत नाही. दोरा आणि सुई कोणती घ्यावी?

उत्तर : तुमच्या विणकामात काही दोष नाही, चुकली ती लोकरीची निवड. छपाईच्या साध्या कागदाच्या एका पानाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. तुमची लोकरीची पट्टी ३ मिलिमीटर जाड असेल, तर ती ठेवणे म्हणजे पुस्तकात एकाच जागी आणखी ३० पाने, म्हणजे ६० पृष्ठे, कोंबण्यासारखे आहे. त्याचा सगळा ताण बांधणीवर येतो आणि काही दिवसांनी पुस्तक त्याच पानावर आपोआप उघडू लागते. म्हणून वाचनखूण विणून झाली की ती हातावर ठेवून कौतुक करण्याआधी पुस्तकात घालावी, पुस्तक मिटावे आणि वरच्या कडेने पाहावे. फट दिसली तर ती खूण भिंतीवर शोभेल, पुस्तकात नव्हे.

दोरा सुती आणि मर्सराइज्ड घ्यावा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, त्यावरून हे नाव आले. या प्रक्रियेने सूत बळकट होते आणि रंग चांगला धरते. ती करताना सूत ताणून धरले तर त्याला चकाकीही येते. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की अशा दोऱ्याला तूस कमी असते, त्यामुळे प्रत्येक टाका सुटा आणि स्पष्ट दिसतो. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नवख्यांना उलटे वाटते. हात बसेपर्यंत १० नंबरचा दोरा आणि १.५ मिलिमीटरची पोलादी सुई घ्यावी, त्यानंतर २० नंबरचा दोरा आणि १.२५ मिलिमीटरची सुई घ्यावी. पोलादी सुयांवरचे नुसते क्रमांक निरनिराळ्या पद्धतींचे असतात, म्हणून सुई निवडताना मिलिमीटरचा आकडाच पाहावा. ए-५ आकाराचे पुस्तक २१ सेंटिमीटर उंच असते. त्यासाठी १६ ते १७ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ४ सेंटिमीटर रुंद पट्टी पुरते.

प्रश्न : मी १५ खांबांनी (खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका) सुरुवात केली, आणि पट्टी संपेपर्यंत ११ खांबच उरले. एक कड सरळ आहे, दुसरी आत आत गेली आहे. टाके कुठे हरवतात?

उत्तर : बहुतेक वेळा ते ओळीच्या शेवटच्या टाक्यात हरवतात. खांबांची ओळ सुरू करताना आपण ज्या ३ साखळ्या, म्हणजे फासातून फास ओढून केलेले साधे टाके, घालतो, त्या मिळून त्या ओळीचा पहिला खांब होतो. म्हणून पुढचा खांब या साखळ्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यात न घालता त्याच्या पुढच्या टाक्यात घालायचा असतो. आणि पुढची ओळ विणत तुम्ही या साखळ्यांपाशी परत आलात की शेवटचा खांब त्यांतल्या सर्वांत वरच्या, म्हणजे तिसऱ्या साखळीत घालायचा असतो. गोची इथेच होते. ती साखळी कडेला कललेली आणि जराशी पिळलेली असते; तो टाका आहे असे न वाटता कडेला सुटलेला दोरा आहे असे वाटते, आणि हात तिच्या अलीकडेच ओळ उलटवतो. तुमचा हात असा ४ वेळा फसला आहे.

उपाय अगदी साधा आहे. तिसरी साखळी घालून होताच तिच्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा अडकवून ठेवावा. परत येताना शेवटचा खांब त्या तुकड्याच्या जागी घालावा आणि तुकडा काढून पुढच्या ओळीसाठी वापरावा. मुक्या खांबांचा, म्हणजे वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्यांचा, हिशेब वेगळा आहे : तिथे ओळ उलटवताना १ साखळी घालतात, ती सहसा टाका म्हणून मोजत नाहीत आणि पहिला मुका खांब पहिल्याच टाक्यात येतो. झालेली पट्टी मात्र उसवावी लागेल. उसवलेला दोरा नागमोडी दिसतो, त्याची काळजी करू नये. पुन्हा विणून धुतल्यावर तो सरळ बसतो.

प्रश्न : एका इंग्रजी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ लिहिले होते, म्हणून मी खांब घातले. चित्रातले विणकाम घट्ट आणि बुटके आहे, माझे मात्र विरळ आणि जवळजवळ दुप्पट लांब झाले.

उत्तर : तुमचा नमुना ब्रिटिश पद्धतीचा असावा. ब्रिटिश लिखाणातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकन लिखाणातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब; आपल्या खांबाला ब्रिटिश लोक ‘ट्रेबल’ म्हणतात. नाव एक आणि टाके दोन, असा हा घोळ आहे. ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द फक्त अमेरिकन पद्धतीत येतो, त्यामुळे नमुन्यात तो दिसला की शंका मिटते. तो नसेल तर ओळ उलटवताना किती साखळ्या सांगितल्या आहेत ते पाहावे : ‘डबल’च्या ओळीआधी १ साखळी असेल तर मुका खांब, ३ असतील तर खांब.

प्रश्न : वाचनखुणेवर मराठी शब्द विणायचा आहे. आलेखाच्या कागदावर अक्षरे काढून पाहिली, पण विणल्यावर ती आरशात पाहिल्यासारखी उलटी आली. मी डावखुरी आहे, त्यामुळे असे झाले का?

उत्तर : होय, पण त्यात बिघडले काहीच नाही. फिले, म्हणजे चौकटींच्या जाळीचे क्रोशे, दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसते. तुमची पट्टी नुसती पालथी करून पाहा, शब्द सुलटा वाचता येईल. पुढच्या वेळी मात्र दिशा लक्षात ठेवावी. उजव्या हाताने विणणारा आलेख तळाच्या उजव्या कोपऱ्यापासून वाचतो, पहिली ओळ उजवीकडून डावीकडे आणि दुसरी डावीकडून उजवीकडे. डाव्या हाताने विणणाऱ्याने तळाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी आणि दोन्ही दिशा उलट धराव्यात.

आता मूळ कामाविषयी थोडे सविस्तर, कारण देवनागरी अक्षरे या जाळीत फार छान बसतात आणि तरीही ती विणणारे हात कमी दिसतात. रिकामी चौकट म्हणजे १ खांब, २ साखळ्या आणि पुढचा खांब. भरलेल्या चौकटीत त्या २ साखळ्यांच्या जागी २ खांब येतात. शेजारच्या दोन चौकटींत मधला खांब सामाईक असतो, म्हणून टाक्यांची संख्या नेहमी चौकटींच्या तिप्पट अधिक १ अशी येते. प्रथम आपल्या हाताने १० चौकटी किती सेंटिमीटर भरतात ते विणून मोजावे. समजा ५ सेंटिमीटर भरल्या, तर १७ सेंटिमीटरच्या पट्टीला ३४ चौकटी, म्हणजे १०३ टाके लागतील. शब्द आडवा वाचायचा असल्याने ही पट्टी लांबीच्या बाजूने विणायची. पहिली चौकट भरलेली असेल तर १०५ साखळ्या घालून पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घालावा. पहिली चौकट रिकामी असेल तर १०७ साखळ्या घालून तो आठव्या साखळीत घालावा. पायाच्या साखळ्या एक माप मोठ्या सुईने घातल्या तर ती कड आखडत नाही.

शिरोरेखा ही भरलेल्या चौकटींची एक सलग ओळ असते, आणि ती आली की खालची सुटी अक्षरे एकदम शब्द वाटू लागतात. अक्षरांना ५ ओळी, शिरोरेखेला १ आणि वर-खाली रिकाम्या जाळीची १-१, अशा ८ ओळींत साधा शब्द मावतो. ‘वाचन’ यात बसेल. ‘कविता’ला वेलांटीसाठी शिरोरेखेच्या वर आणखी २ ओळी सोडाव्या लागतील, आणि उकार असलेल्या शब्दाला तितक्याच खाली. ग, म, भ, न यांसारखी सरळ दांड्याची अक्षरे चौकटींत सहज उतरतात. इ, ह, ळ यांची वळणे मात्र ५ ओळींत ओळखू येत नाहीत. त्यांना ७ तरी ओळी द्याव्यात. जोडाक्षरांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. पहिल्या प्रयत्नात चौकटी उभट किंवा आडव्या येतात आणि अक्षर ताणल्यासारखे दिसते. त्यावर सुई बदलून फारसा उपयोग होत नाही. खांब घालताना टाक्यातून काढलेला पहिला फास किती उंच ओढतो यावर खांबाची उंची ठरते, म्हणून तिथे हात कमी-जास्त करावा.

प्रश्न : वाचनखूण ताठ राहावी म्हणून खळ घालावी का? किती दाट?

उत्तर : घालू नये. खळ म्हणजे पिष्ट, आणि कसरीचे ते आवडते खाद्य आहे. पुस्तकांच्या बांधणीतल्या खळीकडे ती मुळातच ओढली जाते, तिला आपण पानांच्या मधोमध पंगत वाढून कशाला द्यायची? रुमालाला किंवा टेबलाच्या झालरीला खळ शोभते, तिथे ती जरूर घालावी.

पट्टी ताठ राहण्यासाठी ती ताणून वाळवली तरी पुरते. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून ती धुवावी, पिळू नये, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबावी. मग थर्माकोलवर स्वच्छ कापड पसरून त्यावर ती ठेवावी, शेजारी मोजपट्टी धरून आधी चार कोपरे आणि मग कडा दर सेंटिमीटरला टाचणी लावून पक्क्या कराव्यात. टाचण्या न गंजणाऱ्या असाव्यात, कारण ओल्या सुतावर पडलेला गंजाचा डाग सहजी जात नाही. पूर्ण वाळल्याशिवाय टाचणी काढण्याची घाई करू नये. विणताना सामान्य वाटलेली जाळी या कामानंतर ओळखू येत नाही इतकी उजळते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

प्रश्न : लाल दोऱ्याचा रंग पानांना लागेल का?

उत्तर : लागू शकतो. विणण्याआधी दोऱ्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेवावा. कापडावर रंग उतरला तर तो दोरा दुसऱ्या कामाला ठेवावा.

प्रश्न : वाचनखुणेच्या टोकाला विणलेले फूल कधी वाटीसारखे होते, कधी त्याला झालरीसारख्या चुण्या पडतात.

उत्तर : दोन्ही तक्रारी टाक्यांच्या संख्येच्या आहेत. खांबांचा गोल सपाट बसायला पहिल्या फेरीत १२ खांब लागतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत साधारण १२ वाढवावे लागतात. मुक्या खांबांसाठी हाच आकडा ६ आहे. टाके कमी पडले की वाटी होते, जास्त झाले की चुण्या पडतात. फूल एकाच थराचे ठेवावे. पाकळ्यांवर पाकळ्या चढवलेले फूल पुस्तकाबाहेर राहणार असेल तरच करावे.

प्रश्न : गोंड्यात मणी ओवले तर चालतील का? आणि दोऱ्याची टोके कशी लपवावीत?

उत्तर : मणी पानांच्या बाहेर लोंबणार असतील तर चालतील, पुस्तकांच्या चळतीत दाबले गेले तर ते कागदावर खळगे पाडतात. धातूचे लटकन नकोच. गोंड्याची गाठसुद्धा बाहेर यावी इतकी लांब साखळी ठेवून मगच गोंडा जोडावा. टोकांना गाठ मारू नये, ती टोचते आणि जागा अडवते. १० सेंटिमीटर दोरा शिल्लक ठेवून तो बोथट सुईने भरलेल्या टाक्यांतून ३-४ सेंटिमीटर ओवावा, मग दिशा बदलून थोडा उलट आणावा. मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असल्याने एकाच दिशेने ओवलेले टोक हळूहळू बाहेर डोकावते. उरलेला दोरा कापायचा तो पट्टी धुऊन, ताणून वाळल्यानंतर, कारण ताणताना टोक थोडे आत सरकते.