बुंदी की गाडी?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको डोंबिवलीत राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता २८,०००, घरखर्च ३४,०००, एसआयपी १२,०००. एफडीत २,४०,००० आहेत. दिवाळीला गाडी घ्यायची आहे, हप्ता १४,००० बसेल. त्यातच रस्त्यावरून वाचवलेलं पाच महिन्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू, बुंदी, दत्तक घ्यावंसं वाटतंय. एक्स-रेत मागच्या दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ दिसल्यात, म्हणजे सांधे नीट बसत नाहीत. एफडी मोडावी का?

उत्तर: एफडीला हात लावू नका. आपत्कालीन निधी म्हणून गृहकर्जाच्या हप्त्यासकट सहा महिन्यांच्या खर्चाला ३,७२,००० हवेत, म्हणजे आधीच १,३२,००० कमी आहेत. महिन्याला तुमच्याकडे १८,००० उरतात. गाडी घेतली की राहतात ४,०००, त्यात पेट्रोलही धड भागणार नाही. तेव्हा गाडी आणि बुंदी दोन्ही एकदम जमणार नाही. मला विचाराल तर गाडी थांबू शकते.

विम्याची आशा धरू नका. पाळीव प्राण्यांच्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार सहसा वगळलेला असतो आणि बुंदीचा तर एक्स-रेच हजर आहे. तो लपवून पॉलिसी घ्याल, तर हप्ते भराल आणि नेमक्या वेळी क्लेम फेटाळला जाईल. प्राप्तिकरात आरोग्यविम्यासाठी मिळणाऱ्या वजावटीतही कुत्र्याला जागा नाही. म्हणजे सगळा खर्च खिशातून.

लोक खुब्याच्या ऑपरेशनला घाबरतात, पण ते दर खुब्याला एकदाच होतं आणि कित्येक कुत्र्यांना लागतही नाही. खरा भार दरमहाचा, आणि तो दहा-बारा वर्षं चालतो. खाणं, लसी, जंताची औषधं, पुढे वेदनाशामक गोळ्या. या गोळ्या दीर्घकाळ चालू राहिल्या की यकृत-मूत्रपिंडासाठी रक्ततपासण्याही आल्या. सुरुवातीला महिना ७,००० धरा. उरलेल्या ११,००० पैकी ५,००० बुंदीच्या नावाने वेगळ्या आरडीत टाका, दोन वर्षांत व्याज सोडून १,२०,००० जमतील. बाकीचे ६,००० आपत्कालीन निधीत गेले, की तो बावीस महिन्यांत पुरा होतो. एसआयपी चालूच ठेवा.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वजन आटोक्यात ठेवणं. लॅब्रॅडॉरवरच चौदा वर्षं चाललेल्या एका अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणं मिळालेली कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. तेव्हा पाहुण्यांनी लाडाने बिस्किटं चारली तर सरळ हटका. घरात गुळगुळीत लादी असेल तर रबरी मॅट अंथरा, तो खर्च फार नाही.

तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल आणि वर राहत असाल, तर पंचवीस-तीस किलोचं कुत्रं दिवसातून तीनदा उचलून कोण नेणार, हे आजच ठरवा. पुढे त्यापायी घर बदलायची वेळ आली, तर वरचं सगळं गणित फिसकटेल.

बुंदीला दत्तक देणाऱ्या संस्थेला विचारा, दत्तकपत्रावर सही करण्याआधी तीन-चार महिने फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, ठेवता येईल का. वाढीच्या वयात दुखणं कुठल्या वळणावर जातंय हे तोवर बरंचसं कळतं. पिल्लाची हाडं कोवळी असतानाच करायची एक छोटी शस्त्रक्रिया असते, पण तिची वेळ पाचव्या महिन्यापर्यंत बहुधा टळून गेलेली असते. तरी एक्स-रे घेऊन परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवून या. एखाद्या खासगी सर्जनकडूनही एका खुब्याचा आणि दोन्हींचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. तो १,२०,००० च्या वर गेला, तर आरडीची रक्कम वाढवावी लागेल. ते आकडे आले की मला कळवा.