विलायची हे नाव विलायतेवरून पडलं का? आणि हिरवीगार विलायची घालूनही पुरणाला वास का येत नाही?

विलायतेचा आणि या नावाचा काहीच संबंध नाही. मूळ संस्कृत शब्द ‘एला’, तमिळ-मल्याळममध्ये ‘एलम’. इलायची, वेलची आणि आपल्याकडची विलायची ही सगळी त्याचीच रूपं. वेलदोडाही तोच. त्यातला ‘वेल’ म्हणजे एला, वेल नव्हे. झाड आलं-हळदीच्या कुळातलं, जमिनीतल्या गड्ड्यातून वाढणारं. ‘दोडा’ म्हणजे बोंड. कापूस वेचणाऱ्या माणसाला हे नाव लगेच पटेल, कारण विलायची सोलली की आत तीन कप्पे आणि त्यात चिकटून बसलेले दाणे दिसतात. शास्त्रीय नाव ‘एलेटारिया’ हे मल्याळम ‘एलत्तरि’वरून आलं, म्हणजे एलमचे दाणे. मला हेच नाव सगळ्यात नेमकं वाटतं, कारण वासाचं तेल असतं ते दाण्यातच, सालीत जवळजवळ नाही.

तुमचं पुरण फसतं तेही इथंच. आठवडी बाजारात आपण सालीचा रंग बघून घेतो. त्याऐवजी एक विलायची फोडून बघा. दाणे काळपट-तपकिरी, किंचित चिकट हवेत, आणि चावल्यावर जिभेला थंडावा लागला पाहिजे. पांढुरके, सुरकुतलेले दाणे म्हणजे कोवळी तोडलेली. तोंड उकललेली घेऊ नका, तिच्यातला वास उडालेला असतो. हिरव्या रंगाची शंका असेल तर दोन-चार विलायच्या पाण्यात टाका. पाणी हिरवं झालं तर रंग वरून लावलेला आहे.

एक किलो डाळीच्या पुरणाला 15 ते 20 विलायच्या आणि अर्धं जायफळ पुरतं. दाणे काढून खलबत्त्यात चमचाभर साखरेसोबत कुटा. नुसते कुटले तर तेलामुळे बत्त्याला चिकटतात, बारीक होत नाहीत. सालीसकट मुळीच कुटू नका. सालीचे धागे पुरणात राहतात आणि पोळी लाटताना तिथंच फाटते. घालायची वेळही महत्त्वाची. डाळ-गूळ शिजताना घातली तर वास वाफेबरोबर जातो. पुरण घट्ट झालं, उलथनं त्यात उभं राहिलं, की आधी गॅस बंद करा आणि मग पूड मिसळा. वाटायचं त्यानंतर.

बडी विलायची इथं चालत नाही. ते झाड वेगळं, सिक्कीम-नेपाळकडचं, आणि धुरावर वाळवतात म्हणून तिला धुराचा वास असतो. ती सावजी रश्शासाठी ठेवा.

आपल्या उन्हाळ्यात पूड करून ठेवलीत तर पंधरा-वीस दिवसांत तिचा जोर जातो. अख्खी विलायची घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, चुलीपासून आणि टिनाच्या छतापासून लांब ठेवा, आणि लागेल तेव्हाच कुटा. उरलेली साल चहापत्तीच्या डब्यात टाका. तिला चिकटलेला थोडा वास चहाला पुरतो, आणि चहा तर गाळूनच घेतो.